बोलता येईल इतकेच धावावे



वाचकहो, या सदरात आपण बहुधा घरातील वडीलधाऱ्यांविषयी, मुलांच्या शिक्षणाविषयी, पेढीच्या वाटणीविषयी बोलत असतो. नवविवाहितांचा विषय निघाला तर तो लग्नाच्या खर्चापाशी येऊन थांबतो. लग्न लागले, पाहुणे परतले, आहेराची यादी कपाटात गेली, की त्या दोघांचे प्रकरण आपल्या दृष्टीने मिटलेले असते. यंदाच्या उन्हाळ्यात माझ्याच घरात असे काही घडले की ते प्रकरण पुन्हा उघडून पाहावे असे वाटले. मुलगा आणि सून यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. सूनबाईंनी मजकूर आधी वाचला असून त्यातील दोन वाक्ये गाळायला लावली आहेत. ती गाळली.

आमचे गाव सानगडी. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात, साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. गावाला जुना किल्ला आहे, तलाव आहे आणि भोवती धानाची शेते आहेत. आमचा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या खपून बांधलेल्या तलावांवर इथली शेती उभी राहिली. या गावात आमचे कापडाचे दुकान तीन पिढ्यांपासून आहे. खाली दुकान, वर घर. घरात माझ्या मातोश्री, ज्यांना आम्ही सारे बाई म्हणतो, मी आणि सौभाग्यवती, थोरला मुलगा, त्याची पत्नी व दोन मुले, आणि धाकटा मुलगा व त्याची पत्नी, अशी नऊ माणसे. धाकट्याच्या लग्नाला दीड वर्ष झाले.

कापडाच्या धंद्यात उन्हाळा म्हणजे कमाईचा काळ. चैत्र-वैशाखातली लग्नसराई, त्यातच तेंदूपानाच्या हंगामाचा आणि उन्हाळी धानाचा पैसा लोकांच्या हाती येतो, आणि गिऱ्हाईक दिवसभर पायरी सोडत नाही. त्यामुळे 'उन्हाळ्याची सुट्टी' हा शब्द आमच्या घरात फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी राहिला. मी स्वतः वयाच्या अठराव्या वर्षी गादीवर बसलो, तेव्हापासून एकाही वैशाखात दोन दिवस सलग गावाबाहेर गेल्याचे मला आठवत नाही. याचा मला अभिमान होता. तो का कमी झाला, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

मार्च महिन्यात धाकट्या सूनबाई चार दिवसांसाठी माहेरी नागपूरला गेल्या. चारांचे आठ झाले, आठांचे वीस. फोनवर विचारले की उत्तर येई, "आईची तब्येत जरा बरी नाही." विहीणबाईंची तब्येत उत्तम होती, हे आम्हांला दुसऱ्या वाटेने कळले. मुलगा काही बोलत नव्हता. मार्चअखेरचा हिशेब चालू असल्याने त्याला विचारायला मलाही सवड नव्हती. खरे म्हणजे, विचारायचे कसे हे ठाऊक नव्हते. घरात कुणाचे भांडण झाले नव्हते. दागिना, कपडा, खाणेपिणे, कशाची वाण नव्हती. मग बिनसले कुठे?

एकविसाव्या दिवशी त्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मला इथे कुणी काही कमी केलेले नाही. पण गेल्या दीड वर्षात आम्ही दोघे एकमेकांशी सलग पंधरा मिनिटे बोललेलो नाही. सकाळी नऊला ते खाली जातात. रात्री वर येतात तेव्हा डोळे मिटत असतात. मी नागपुरात राहिले ती रागावून नाही. तिथे ते रोज अर्धा तास फोन करायचे. फोनवर तरी बोलणे होत होते."

वाचकहो, नवऱ्याशी बोलता यावे म्हणून एखाद्या मुलीला माहेरी जाऊन राहावे लागते, हे वाक्य मी त्या दुपारी प्रथमच ऐकले. मला राग आला, तोही मी लपवला नाही. म्हणालो, "एकत्र कुटुंबात असेच असते." त्यावर माझ्या सौभाग्यवती, ज्या आतल्या दारात उभ्या होत्या आणि ज्यांनी सदतीस वर्षांत दुकानात माझे बोलणे तोडलेले नाही, त्या म्हणाल्या, "अहो, आपण दोघांनी एकत्र काय केले असे उद्या कुणी विचारले, तर मी काय सांगू? मार्चअखेरचा स्टॉक मोजला. सदतीस वेळा."

त्यानंतर मी काही बोललो नाही.

मुलाने आणि सुनेने मिळून मागितले ते फारसे नव्हते. रोज पहाटेचा एक तास. आठवड्यातून एक सायंकाळ मित्रमैत्रिणींसाठी. आणि आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत दोन वेळा, दोन-दोन दिवसांचा प्रवास. मी मान्यता दिली, पण मनातल्या मनात नुकसानीचा आकडा मांडूनच.

पहाटेच्या तासात त्यांनी धावायला सुरुवात केली. सुनेच्या कॉलेजातील एका मैत्रिणीने तिला एक साधा नियम सांगितला होता, जो प्रशिक्षक आणि डॉक्टरही सांगतात : धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना दम तुटू लागला तर वेग जास्त झाला, कमी करावा. गाता येऊ लागले तर वेग कमी आहे, थोडा वाढवावा. नवशिक्याने तर सलग धावूही नये. एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, आणि आठवड्यागणिक धावण्याचा भाग थोडा थोडा वाढवावा. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही धावत-चालत जाण्याची पद्धत जगभर लोकप्रिय केली आणि तिच्या आधारे हजारो सामान्य माणसे लांब पल्ल्याच्या शर्यती पूर्ण करू लागली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. दिवसाला अर्धा तास धरला तर पाच दिवसांत तो भरतो. गादीवर बसून साखर आणि रक्तदाब वाढवून घेतलेल्या आपल्या व्यापारी घरांनी हा हिशेब तरी पाठ करायला हरकत नाही.

पण आमच्या घरात या नियमाचा अर्थ वेगळाच निघाला. बोलता येईल इतकेच धावायचे, म्हणजे धावताना बोलायचे. पावणेपाचला दोघे जिना उतरत आणि तलावाच्या दिशेने जात. त्या वेळी ना गिऱ्हाईक, ना फोन, ना आमच्यापैकी कुणी. दीड वर्षात जे बोलणे साचले होते ते त्या रस्त्यावर हळूहळू बाहेर पडू लागले. काय बोलत, ते मी विचारले नाही. एवढेच दिसले की दहा-बारा दिवसांनी मुलगा दुकानात शिट्टी वाजवत थान उलगडू लागला, आणि सून जेवताना बाईंना विनोद सांगू लागली.

आता व्रत-नियमांचे कसे केले, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. तोच प्रश्न आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारला होता. आमच्याकडे चउविहार पाळला जातो. सून नवकारशीही करते. मेच्या अखेरीस आमच्याकडे सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो. त्यानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे गेली की सव्वासहा होतात. आदल्या सायंकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि वैशाखात धावायचे! सुरुवातीला त्यांनी याचा विचार केला नाही आणि त्याची किंमत लगेच मोजावी लागली. एके दिवशी उठायला उशीर झाला, सहानंतर निघाले, ऊन अंगावर आले आणि तलावापाशी मुलाला भोवळ आली. तो खाली बसला. सुनेने त्याला झाडाच्या सावलीत नेले, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवरून दोघे घरी आले.

त्या दिवशी मी म्हणालो ते सारे इथे लिहिण्यासारखे नाही. थोरल्यानेही "आता पुरे" म्हटले. डॉक्टरांनी मात्र धावणे बंद करायला सांगितले नाही. ते म्हणाले, "कोरड्या शरीराने उन्हात धावू नका. एवढेच. वेळ बदला, नाहीतर धावण्याऐवजी चाला." मग बाईंनीच तोडगा काढला. वय वर्षे शहाऐंशी, पण बुद्धी आमच्यापेक्षा तल्लख. त्या म्हणाल्या, "घेतलेले पच्चक्खाण मोडायचे नाही आणि शरीरालाही फसवायचे नाही. ज्या दिवशी नवकारशी, त्या दिवशी नुसते चाला. ज्या दिवशी धावायचे, त्या दिवशी पच्चक्खाण घेऊ नका आणि सूर्य दिसला की पाणी प्या. अष्टमी-चतुर्दशीला घरी बसा." मुलाने हिशेब केला. दोन्ही पक्ष मिळून महिन्याला चार दिवस विश्रांती; जवळजवळ आठवड्याला एक. धावण्याचे कोणतेही पुस्तक हेच सांगते, की आठवड्यातून एक दिवस पायांना सुट्टी हवी. आणि २५ मेपासून नवतपा लागला, पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला, तेव्हा नऊही दिवस त्यांनी फक्त चालणे ठेवले.

छंदाची गोष्ट आणखी साधी. लग्नापूर्वी मुलाला पक्षी पाहण्याचा नाद होता. त्याची दुर्बीण दहा वर्षे कपाटात पडून होती, कारण "पाखरे पाहून पोट भरत नाही" असे त्याच्या वडिलांनी एकदा म्हटले होते. सुनेला चित्रकलेची आणि देवनागरी सुलेखनाची आवड. आमच्या दुकानात संगणकावर बिले निघू लागल्यापासून लाल कापडी बांधणीच्या काही वह्या कोऱ्याच राहिल्या आहेत. त्यातली एक तिने मागून घेतली. तलावावर त्याने पक्षी दाखवायचा, घरी येऊन तिने तो वहीत काढायचा आणि त्याचे नाव सुंदर अक्षरात लिहायचे. टिबुकली, कमळपक्षी, हळदी-कुंकू बदक, खंड्या. ज्या तलावाशेजारी मी जन्म काढला, त्यातल्या पाखरांची नावे मला माझ्या सुनेच्या वहीतून कळली. जमा-खर्चाच्या उभ्या रेघांमध्ये ती पाखरे बसलेली पाहून प्रथम मला विचित्र वाटले, नंतर मीच रोज रात्री वही मागू लागलो.

आपला भाग या छंदासाठी किती भाग्यवान आहे याची आपल्याला जाणीव नसते. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या अरण्यसाधकाने ज्या नवेगावबांधावर आपल्या आयुष्याचा मोठा काळ घालवला, ते तळे आमच्या गावापासून तासाभराच्या आत आहे. लोक दूरदूरहून 'नवेगावबांधचे दिवस' वाचून तिथे येतात, आणि आपण त्या रस्त्याने फक्त उधारी वसूल करायला जातो. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः गोंदिया आणि भंडारा याच जिल्ह्यांत उरला आहे. माणसाएवढ्या उंचीचा हा पक्षी जोडीने राहतो आणि धानाच्या बांधीत घरटे करतो, म्हणजे त्याचे जगणे शेतकऱ्याच्या दयेवर आहे. गोंदियाकडे एका पहाटे या दोघांना एक जोडी दिसली. सुनेने वहीत लिहिले आहे : "दोघे एकमेकांपासून बरेच लांब चरत होते. पण मान वर केली की प्रत्येक जण आधी दुसरा कुठे आहे ते पाहत होता." मी ते वाक्य दोनदा वाचले आणि काही न बोलता वही सौभाग्यवतींकडे दिली.

मैत्रीच्या बाबतीत मात्र मला माझी चूक स्पष्ट दिसली. मुलाचे लहानपणापासूनचे मित्र गावातच आहेत. सून आली ती एकटी. आपण मुलीला सासर देतो, नणंद-जाऊ देतो, सण-वार देतो. मैत्रीण कुठून मिळणार याचा विचार कुणी करत नाही. तिच्या शाळा-कॉलेजातल्या मैत्रिणी लग्न होऊन चार गावांना पांगलेल्या असतात, आणि नव्या गावात 'अमक्यांची सून' एवढीच तिची ओळख असते. पहाटेच्या रस्त्यावर तिला ओळखी झाल्या. आरोग्य केंद्रात काम करणारी एक परिचारिका, एक अंगणवाडी सेविका आणि भरतीसाठी सराव करणाऱ्या दोन मुली. त्या मुलींचा वेग हिच्या दुप्पट, पण तलावाला वळसा घालून परत येताना हिच्याबरोबर चालत येत.

आठवड्यातली ती एक सायंकाळ गच्चीवर होऊ लागली. त्याचे मित्र, हिच्या मैत्रिणी, आमची नातवंडे. अट एकच, ती सुनेने घातलेली : जेवण सूर्यास्तापूर्वी. उन्हाळ्यात सूर्य पावणेसातपर्यंत असतो, तेव्हा सहाला पाने मांडली जात. कांदा-लसणाविना आमरस, कुरडया, कैरीचा तक्कू आणि मुगाची खिचडी. पाहुण्यांपैकी निम्मे जैन नव्हते. त्यातला एक मित्र पुढे मला म्हणाला, "काका, सहाला जेवून नऊला झोपलो, तर दुसऱ्या दिवशी पहाटे धावताना पोट इतके हलके वाटते की आता घरीही तसेच सुरू केले आहे." कुणी कुणाला उपदेश केला नव्हता. जेवणानंतर गाण्यांच्या भेंड्या, आणि अंधार पडला की तारे पाहणे. नऊ वाजता गच्ची रिकामी.

प्रवास दोन झाले. पहिला भद्रावतीचा. लाखांदूर, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड या रस्त्याने दोघे गाडीने गेले, स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन घेतले, धर्मशाळेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी परतले. आम्ही भद्रावतीला पूर्वी गेलो होतो, पण पंचवीस जणांची बस करून, आणि दर्शनापेक्षा जास्त वेळ डबे मोजण्यात घालवून. या दोघांनी खाकरे, दशम्या आणि उकळून गार केलेल्या पाण्याची कॅन बरोबर घेतली होती. गाडी फक्त पहाटे ते दहा आणि सायंकाळी चारनंतर चालवायची, दुपार सावलीत काढायची, असा त्यांचा नियम होता. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर टायर फुटण्याचा धोका असतो. निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, हवा मोजून घेणे हे प्रत्येकाने करावे असे काम आहे. गाडी एकाने चालवायची, दुसऱ्याने फोन सांभाळायचा. आणि घरच्यांना दिवसातून दोनच फोन, सकाळी निघताना आणि सायंकाळी पोचल्यावर. पहिल्या दिवशी हा नियम मोडला तो मीच. साड्यांच्या गठ्ठ्याची पावती कुठे ठेवली, हे विचारायला मी अकरा वाजता फोन केला. सुनेने उचलला आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "बाबा, ती तुमच्या डाव्या हाताच्या खणात आहे." ती तिथेच होती.

परतीच्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, गाडीच्या दिव्यात त्यांना रस्त्याच्या कडेने विहार करणाऱ्या काही साध्वीजी दिसल्या. शुभ्र वस्त्रे असूनही अगदी जवळ येईपर्यंत त्या दिसल्या नाहीत, असे मुलगा सांगत होता. त्याने वेग कमी केला, गाडी बाजूला लावली, आणि दोघे उजाडेपर्यंत त्यांच्याबरोबर पायी चालले. नंतर मुलगा मागे येऊन गाडी घेऊन गेला. विहारात साधू-साध्वींना वाहनांची धडक बसल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि हळहळतो. हळहळणारे आपणच पहाटे महामार्गावरून गाड्या पळवत असतो. चातुर्मास तोंडावर आल्याने या दिवसांत ठिकठिकाणचे विहार वाढतात. ज्येष्ठात साकोली-लाखनी टप्प्यावर साध्वीजी येणार असल्याचे कळले, तेव्हा गच्चीवरच्या मंडळींपैकी चौघे जण, अंगात चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर पहाटे त्यांच्या मागे-पुढे चालले. अनेक शहरांत तरुणांची अशी विहारसेवा चालते. आमच्याकडे ती या उन्हाळ्यात, कुणी न सांगता, सुरू झाली.

दुसरा प्रवास नागझिऱ्याचा. नागझिरा अभयारण्य १९७० सालचे. २०१३ मध्ये ते नवेगावसह व्याघ्रप्रकल्प झाले. साकोलीहून पिटेझरीच्या दाराने आत जाता येते. आमच्या दुकानापासून फार तर तासाभराचा रस्ता. दोघे तिथून परतले तेव्हा वाघ दिसला नव्हता, पण सुनेच्या वहीत नवरंगाचे चित्र होते. पावसाच्या तोंडावर येणारा, अंगावर खरोखरच नऊ रंग असल्यासारखा दिसणारा पक्षी. चित्र पाहताना सौभाग्यवती सहज म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या भावाने विचारले होते, तुमच्या गावाजवळ काय आहे? मी म्हटले, नागझिरा आहे. जाऊन आले की सांगीन." मेहुणे आता हयात नाहीत.

येथपर्यंत वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. तो माझ्याही मनात होता : या सगळ्याचा धंद्यावर काय परिणाम झाला? विक्री घटली की वाढली? वाचकहो, आकडा मला ठाऊक आहे, पण मी तो लिहिणार नाही. वाढली असे लिहिले तर आपण उद्या सुना-मुलांना विक्री वाढवण्यासाठी धावायला पाठवाल. घटली असे लिहिले तर कुणीच पाठवणार नाही. काही गोष्टी वहीच्या कोणत्याच बाजूला मांडायच्या नसतात. आपण व्यापारी माणसे प्रत्येक गोष्टीचे 'मग काय मिळाले' विचारतो, आणि ज्याचे उत्तर रुपयांत येत नाही ते खर्चात धरतो. दोन माणसांनी एकमेकांची ओळख करून घेण्यात घालवलेला वेळ आम्ही अशा रीतीने पिढ्यान्पिढ्या खर्चात धरत आलो. त्या काळी स्त्रिया माहेरी जाऊन वीस दिवस राहिल्या तर कारण विचारले जात नसे, एवढाच काय तो फरक.

एकत्र कुटुंबावर माझी श्रद्धा आहे आणि ती या उन्हाळ्याने कमी झालेली नाही. उलट हे सारे एकत्र कुटुंबामुळेच शक्य झाले. त्या चार दिवसांत थोरल्याने एकट्याने दुकान सांभाळले, थोरल्या सुनेने स्वयंपाकघर, आणि मी पावती शोधण्याव्यतिरिक्त बरेच काही सांभाळले. स्वतंत्र राहणाऱ्या जोडप्याला दुकान बंद ठेवावे लागले असते. नऊ माणसांच्या घराचा उपयोग कोणता, तर त्यातल्या दोघांना कधीतरी दोघेच असता यावे. पुढच्या उन्हाळ्यात पाळी थोरल्याची, हे आताच ठरले आहे. त्याच्या लग्नाला अकरा वर्षे झाली. त्याने काही मागितले नव्हते, म्हणून त्याला काही नको होते असे मी समजत होतो.

ज्या घरांना हे करून पाहायचे असेल त्यांना माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. पहिली : मुलांनी मागण्याची वाट पाहू नका, आपल्या घरात मागणे कठीण असते, आणि सुनेला तर फारच. दुसरी : वेळ दिला की तो दिलाच, मधेच हाक मारून अर्धा परत घेऊ नका. तिसरी तरुणांसाठी : मिळालेल्या मोकळिकीत घरचे नियम ओझे म्हणून टाकून देऊ नका. सहाचे जेवण, उकळलेले पाणी, अष्टमी-चतुर्दशी, यांनी आमच्या मुलांचा उन्हाळा अडवला नाही. त्याला वेळापत्रक दिले. पण उन्हाशी आणि शरीराशी हट्ट मात्र करू नये.

आता आर्द्रा लागले. घरात आंबा बंद झाला. पहिल्या पावसाने तलावाकडची वाट चिखलाची झाली आहे, त्यामुळे दोघे डांबरी रस्त्यानेच जातात आणि लवकर परततात. गेल्या आठवड्यापासून त्यांच्यामागून आणखी दोन माणसे जिना उतरू लागली आहेत. आम्ही धावत नाही. माझे गुडघे आणि सौभाग्यवतींची कंबर त्याला परवानगी देत नाही. किल्ल्यापर्यंत चालत जातो आणि परत येतो. पहिल्या दिवशी जाता-येता आम्ही एक शब्दही बोललो नाही, कारण काय बोलावे ते सुचेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या भावाची एक आठवण सांगितली. मला ती ठाऊक नव्हती.

पावसाळ्यात नागझिऱ्याची दारे बंद असतात. ऑक्टोबरात उघडतील. सुनेला दोन तिकिटे काढून ठेवायला सांगितले आहे.

जय जिनेंद्र.